बशी फिरते, पोट भरते : जपानमधील स्वस्त सुशीची ओळख

सुशी म्हटले की आपल्याकडील शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे पंचतारांकित हॉटेलातील मंद दिवे, काळ्याभोर बशीत नेमक्या अंतरावर मांडलेले चार-सहा घास आणि शेवटी येणारे भले मोठे बिल उभे राहते. एवढे पैसे मोजूनही घरी परतल्यावर वरण-भाताची आठवण यावी, असाच अनेकांचा अनुभव असतो. प्रत्यक्ष जपानमध्ये मात्र चित्र वेगळे आहे. शनिवारी संध्याकाळी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत अख्खे कुटुंब जेथे क्रमांक लावून बसते आणि तृप्त होऊन उठते, अशा ठिकाणांमध्ये सुशीची स्वस्त उपाहारगृहे आघाडीवर आहेत. मुंबईत जे स्थान उडुपी उपाहारगृहांनी मिळविले, साधारण तेच स्थान जपानमध्ये या उपाहारगृहांना आहे. माफक दर, झटपट सेवा आणि भरपूर खाणे ही त्यांची त्रिसूत्री होय.

या उपाहारगृहांना जपानी भाषेत 'काइतेन-झुशी' म्हणतात. 'काइतेन' म्हणजे फिरणे. गिऱ्हाइकांच्या समोरून एक पट्टा संथपणे फिरत असतो, त्यावर सुशीच्या बशा मांडलेल्या असतात आणि ज्याला जी हवी ती त्याने उचलायची, अशी ही मूळ पद्धत. ती कशी जन्माला आली, एवढ्या कमी पैशांत पोटभर मासा खाऊ घालणे कसे जमते आणि अलीकडच्या वर्षांत या स्वस्ताईवर कोणती संकटे आली, याचा हा आढावा. नोकरी, शिक्षण किंवा पर्यटनाच्या निमित्ताने जपानला जाणाऱ्या मराठी वाचकांसाठी काही व्यावहारिक माहितीही येथे दिली आहे.

सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. सुशीचा आत्मा मासा नसून भात आहे. 'सुशी' हा शब्दच मुळी आंबटपणाशी निगडित आहे. आखूड दाण्याचा, शिजल्यावर एकमेकांना धरून राहणारा तांदूळ शिजवून त्यात तांदळाचा शिरका, साखर आणि मीठ मिसळतात. हा भात ज्यात आहे ती सुशी. नुसत्या कच्च्या माशाचे काप दिले तर त्याला 'साशिमी' म्हणतात. ती सुशी नव्हे.

सुशीचे प्रकार अनेक असले तरी स्वस्त उपाहारगृहात तीन प्रकार प्रामुख्याने भेटतात. हातात दाबून केलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवला की ती 'निगिरी'. आपल्याकडील 'मुटका' आणि जपानी 'निगिरी' या दोन्ही शब्दांत मुठीत दाबण्याचीच क्रिया आहे. 'नोरी' या वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या कागदात भात व सारण गुंडाळून सुरळी केली आणि तिचे काप पाडले की ती 'माकी'. आणि भाताभोवती शेवाळाची उभी भिंत करून वर माशाची गाबोळी किंवा तत्सम सैल पदार्थ भरला की ती 'गुनकान', म्हणजे युद्धनौका.

टिकाऊ माशापासून झटपट घासापर्यंत

आज ताजेपणासाठी नावाजलेल्या या पदार्थाचा उगम मासा टिकवण्याच्या गरजेतून झाला. मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवायचा, ही त्याची मूळ कृती. ती आग्नेय आशियातील भातशेतीच्या प्रदेशांतून आली असावी, असे मानले जाते. इसवी सन ७१८ च्या सुमारास तयार झालेल्या 'योरो' विधिसंहितेत करापोटी द्यावयाच्या वस्तूंमध्ये सुशीचा उल्लेख आहे. या जुन्या पद्धतीची 'फुना-झुशी' आजही बिवा सरोवराकाठच्या शिगा प्रांतात केली जाते. तिचा उग्र वास सोसण्यासाठी सुक्या बोंबलावर वाढलेल्या माणसाचेच नाक हवे!

पुढे माणसाचा धीर सुटत गेला. आंबण्याची वाट न पाहता भातात थेट शिरका मिसळण्याची प्रथा रूढ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, शिरक्याच्या भाताचा मुटका आणि त्यावर मासा असे निगिरीचे रूप लोकप्रिय झाले. त्याचे श्रेय बहुधा हानाया योहेई (१७९९-१८५८) या विक्रेत्याला दिले जाते. याच सुमारास आजच्या आइची प्रांतातील हांदा येथील माताझाएमोन नाकानो यांनी साके या मद्याच्या चोथ्यापासून शिरका तयार करण्यास १८०४ मध्ये आरंभ केला होता. हा शिरका स्वस्त पडत असल्याने एदोतील सुशीवाल्यांनी तो उचलून धरला. स्वस्त सुशीच्या इतिहासात स्वस्त शिरक्याचा वाटा असा मोठा आहे.

एदोतील सुशी ही रस्त्याकडेची वस्तू होती. कारागीर, हमाल, दुकानदार उभ्या उभ्या दोन-चार घास खाऊन कामाला लागत. घासही आजच्या दुपटी-तिपटीने मोठे असत. सुशीचे 'भरपूर वाढणे' हे आधुनिक जाहिरातबाजीचे अपत्य नाही, तो तिचा मूळ स्वभाव आहे. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर टोकियोतील अनेक सुशी कारागीर आपापल्या गावी परतले आणि त्यांच्याबरोबर हा पदार्थ देशभर पसरला.

त्यानंतरचा टप्पा युद्धोत्तर टंचाईचा. १९४७ मध्ये अन्नधान्याच्या तुटवड्यामुळे उपाहारगृहांवर कडक निर्बंध आले. त्यातून सुशीवाल्यांनी वाट काढली. गिऱ्हाइकाने घरून एक 'गो', म्हणजे सुमारे १५० ग्रॅम तांदूळ आणायचा आणि मजुरी देऊन त्या बदल्यात दहा सुशी घ्यायच्या, अशी व्यवस्था त्यांनी मान्य करून घेतली. कागदोपत्री हा अन्नविक्रीचा धंदा नव्हता, गिऱ्हाइकाच्या धान्यावर केलेली प्रक्रिया होती. आपल्याकडच्या गिरणीत दळण टाकावे तसा हा प्रकार. 'एका माणसाचे ताट' म्हणजे साधारण दहा घास, हा जपानमधील हिशेब याच टंचाईच्या दिवसांत पक्का झाला.

बिअरच्या बाटल्या आणि फिरता पट्टा

टंचाई संपली तशी सुशी पुन्हा महागली. अनुभवी कारागीर, लाकडी गल्ला, भावफलकाचा अभाव आणि 'आजच्या बाजारभावाप्रमाणे' होणारे बिल, यांमुळे सामान्य माणूस सुशीच्या दुकानात शिरायला कचरू लागला. हा अडसर दूर करणाऱ्या गृहस्थांचे नाव योशिआकी शिराइशी (१९१३-२००१).

शिराइशी यांचे ओसाकाजवळ छोटे खाद्यगृह होते. आसपासच्या लहान कारखान्यांतील कामगार हे त्यांचे गिऱ्हाईक. त्यांना सुशी स्वस्तात द्यायची, तर कमी माणसांत जास्त गिऱ्हाईक सांभाळणे भाग होते. बिअरच्या कारखान्याला दिलेल्या भेटीत सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना कल्पना सुचली की, बाटल्यांच्या जागी सुशीच्या बशा का नसाव्यात? कल्पना सोपी असली तरी ती प्रत्यक्षात आणण्यास अनेक वर्षे गेली. कोपऱ्यावर बशी अडकता कामा नये, पट्टा धुता यायला हवा, गंज चढता कामा नये, अशा अडचणी एकामागून एक आल्या. वेगाचा प्रश्न वेगळाच होता. फार जलद फिरवावे तर सुशी सुकते आणि बशी उचलताना गडबड होते. फार सावकाश फिरवावे तर भुकेला माणूस वैतागतो. अखेर सेकंदाला सुमारे ८ सेंटिमीटर हा वेग त्यांनी निश्चित केला.

१९५८ मध्ये आजच्या हिगाशी-ओसाका शहरात 'गेनरोकु सुशी' हे जगातील पहिले फिरत्या पट्ट्याचे सुशीगृह सुरू झाले. १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात या पट्ट्याने लाखो लोकांचे लक्ष वेधले आणि शाखा झपाट्याने वाढल्या. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात शिराइशी यांच्या हक्काची मुदत संपताच इतरांनाही हे क्षेत्र खुले झाले. 'काप्पा-झुशी', १९८४ मध्ये ओसाका परिसरात सुरू झालेली 'सुशिरो', ओसाकातीलच 'कुरा सुशी' आणि २००२ मध्ये आलेली 'हामा-झुशी' या साखळ्यांनी पुढे हा व्यवसाय गावोगावी नेला. पट्टे बनविणारे प्रमुख कारखाने मात्र इशिकावा प्रांतात, कानाझावा शहराच्या परिसरात आहेत.

स्वस्ताईचे गणित

एका बशीत सुशीचे दोन घास आणि दर १०० येन, अधिक कर. वर्षानुवर्षे या साखळ्यांनी हा भाव टिकवला. हे जमले कसे?

पहिले कारण यंत्र. 'सुझुमो' या कंपनीने १९८१ मध्ये भाताचे मुटके वळणारे पहिले यंत्र बाजारात आणले. तांदळाचे क्षेत्र कमी करण्याच्या सरकारी धोरणाच्या काळात तांदळाचा खप वाढावा, हा हेतू त्यामागे होता, असे कंपनीचे संस्थापक किसाकु सुझुकी यांनी सांगितले होते. आजची यंत्रे तासाला काही हजार मुटके वळतात. कारागिराच्या बोटांतील कसब शिकण्यास वर्षे लागतात, यंत्रापुढे मासा ठेवणारा हात मात्र काही दिवसांत तयार होतो. जाणकार खवय्या दोन्हींतील फरक ओळखतो. तथापि शंभर येनात बसलेल्या गिऱ्हाइकाची तक्रार नसते.

दुसरे कारण नफ्याची वेगळी मांडणी. सर्वसाधारण उपाहारगृहात विक्रीच्या सुमारे तीस टक्के रक्कम कच्च्या मालावर खर्च होते. सुशीच्या मोठ्या साखळ्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते. म्हणजेच गिऱ्हाइकाचा पैसा मोठ्या प्रमाणात त्याच्याच बशीत परत येतो. ट्यूनाच्या बशीत मिळणारा नफा अल्प असतो; काकडीची सुरळी, अंड्याची सुशी, सूप, रामेन नूडल्स, आइस्क्रीम आणि केक यांतून ती कसर भरून काढली जाते. मुलांनी चार बशा सुशीनंतर बटाट्याचे तळलेले काप मागितले, की दुकानदाराचे समाधान होते.

तिसरे कारण हिशेबाची सुटसुटीत पद्धत. बशीच्या रंगावरून दर ठरतो आणि शेवटी बशा मोजून बिल होते. 'कुरा सुशी'मध्ये तर रिकामी बशी टेबलाच्या कडेच्या फटीत टाकायची. ती आपोआप मोजली जाते आणि धुण्यासाठी निघून जाते. पाच बशा टाकल्या की पडद्यावर एक खेळ होतो आणि नशीब असेल तर खेळणे मिळते. चार बशांवर पोट भरलेला बालक पाचवीचा हट्ट धरतो, यात नवल ते काय! बशीखाली बसविलेल्या इलेक्ट्रॉनिक चकतीमुळे ती पट्ट्यावर किती फिरली, याचीही नोंद राहते. 'सुशिरो'ने ३५० मीटर फिरलेली बशी आपोआप बाजूला काढण्याचा नियम केला होता.

स्वस्त माशाच्या मागे काय आहे?

चौथे कारण थोडे नाजूक आहे. नावाने ओळखीचा वाटणारा मासा प्रत्येक वेळी तोच असेल असे नाही. 'एनगावा' हा मूळचा हिरामे या चपट्या माशाच्या कडेच्या परांजवळचा चविष्ट भाग. स्वस्त दुकानांत तो बहुधा उत्तरेकडील थंड समुद्रातील हॅलिबट जातीच्या माशाचा असतो. ट्यूनाच्या लगद्यात मऊपणा यावा म्हणून वनस्पती तेल मिसळले जाते. 'खेकड्याची कांडी' तर 'सुरिमी'ची, म्हणजे माशाच्या धुतलेल्या लगद्याची असते. हे पदार्थ अपायकारक नाहीत, मात्र आपण काय खातो हे ठाऊक असलेले बरे.

या सुरिमीचा धागा थेट कोकणापर्यंत पोहोचतो. आपल्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या राणी माशापासून रत्नागिरीत सुरिमी तयार होते आणि तिच्या परदेशी बाजारपेठांत जपानही आहे. 'गद्रे मरीन' या रत्नागिरीच्या कंपनीने या व्यवसायात जागतिक स्थान मिळविले आहे.

गंमत म्हणजे आज या उपाहारगृहांत सर्वाधिक खपणारा सामन हा कच्च्या सुशीच्या परंपरेतील मासाच नव्हे. जपानच्या जवळच्या समुद्रातील सामनमध्ये परजीवी आढळत असल्याने तो शिजवूनच खाल्ला जाई. ऐंशीच्या दशकात नॉर्वेने मत्स्यशेतीतील आपला सामन कच्चा खाण्यासाठी जपानी बाजारात आणण्याची मोहीम हाती घेतली. आरंभी नाके मुरडणाऱ्या जपानी ग्राहकाने पुढे त्याला असे डोक्यावर घेतले की, 'मारुहा निचिरो' या मत्स्योद्योग कंपनीच्या पाहण्यांत २०१२ पासून सलग अनेक वर्षे गिऱ्हाइकांची पहिली पसंती सामनलाच राहिली. स्वस्त सुशीगृहांतील मुले या माशाच्या चवीवरच वाढली.

पट्ट्यापलीकडचे पर्याय

फिरता पट्टा म्हणजेच स्वस्त सुशी, असेही नाही. टोकियोच्या सेतागाया भागातील उमेगाओका येथे १९६३ मध्ये सुरू झालेले 'सुशी नो मिदोरी' हे याचे ठळक उदाहरण. येथे माणसेच सुशी वळतात, दर मध्यम असतात आणि माशाचे काप भातावरून खाली लोंबावेत एवढे मोठे असतात. वाम माशाच्या जातकुळीतील अख्खा 'आनागो' एकाच घासावर आडवा ठेवलेली सुशी ही त्यांची खासियत आहे. परिणाम ओघाने आलाच : शिबुया, गिन्झा येथील शाखांपुढे गिऱ्हाइकांच्या रांगा. दुपारच्या जेवणाच्या वेळी अनेक पारंपरिक सुशीगृहेही ठरावीक ताट रात्रीपेक्षा पुष्कळ कमी दरात देतात. चांगल्या कारागिराची सुशी माफक खर्चात चाखायची असेल, तर दुपारची वेळ साधावी.

आत गेल्यावर

साखळी उपाहारगृहाच्या दाराशी यंत्र असते. किती माणसे, टेबल हवे की गल्ल्यासमोरची जागा, हे निवडून क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी. बहुतेक ठिकाणी पडद्यावर इंग्रजीची सोय असते. बसल्यावर हिरव्या चहाची भुकटी कपात घालून टेबलावरच्याच नळाचे पाणी त्यात घ्यावे. हे पाणी उकळते असते. हात धुण्याचा नळ समजून त्याखाली हात धरणारे परदेशी पाहुणे अधूनमधून भाजून घेतात, म्हणून ही विशेष सूचना.

आल्याचे गुलाबी-पांढरे काप टेबलावर ठेवलेले असतात. ते सुशीवर घालायचे नसतात. दोन वेगळ्या चवींच्या घासांमध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी ते खायचे. वासाबी आता बहुधा वेगळ्या पुडीत मिळतो. मोहरी फेसताना नाकात जाते तशी झिणझिणी त्याने येते, तेव्हा पहिल्यांदा अगदी थोडा घ्यावा. सोया सॉसमध्ये भात बुडवू नये, माशाची बाजू हलकेच टेकवावी; भात बुडवला की मुटका फुटतो आणि खारटपणाही वाढतो. काड्यांनी खाणे जमत नसेल तर हाताने खावे. निगिरी हाताने खाणे जपानमध्ये शिष्टसंमत आहे.

एकदा उचललेली बशी पट्ट्यावर परत ठेवू नये. हवा तो पदार्थ पडद्यावरून मागवता येतो. तो वेगळ्या जलद पट्ट्यावरून थेट समोर येऊन थांबतो. जेवण झाले की पडद्यावरील बिलाची खूण दाबावी. बक्षिसी देण्याची पद्धत नाही.

खर्चाचा अंदाज घ्यायचा तर १२० येनच्या आठ बशा, म्हणजे सोळा घास, ९६० येनना पडतात. अलीकडच्या वर्षांतील विनिमय दराने ही रक्कम साधारण पाचशे ते सहाशे रुपये होते. मोठ्या शहरांच्या मध्यवर्ती भागांतील शाखांमध्ये दर थोडे चढे असतात. महागड्या माशांच्या बशीत एकच घास असतो, हेही ध्यानात ठेवावे.

शाकाहारी वाचकांसाठी

काकडीची 'काप्पा-माकी', आंबवलेल्या सोयाबीनची 'नात्तो-माकी', मुळ्याच्या लोणच्याची सुरळी आणि तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली 'इनारी' हे पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतात. दुधी भोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्या गोडसर शिजवून केलेली 'कांप्यो-माकी'ही असते. मात्र सावधगिरी हवी. इनारीची पिशवी, कांप्यो आणि अंड्याची सुशी यांत बहुधा 'दाशी', म्हणजे सुक्या माशापासून काढलेला रस वापरलेला असतो. मिसो सूपचाही आधार तोच. कटाक्षाने शाकाहार पाळणाऱ्यांना काकडीच्या सुरळीचा भरवसा अधिक. सोबत मिळणारी सोया सॉसची पुडीही मत्स्यरस मिसळलेली असू शकते.

आरोग्याच्या दृष्टीने

कच्च्या माशातील मुख्य धोका 'अॅनिसाकिस' या अळीचा असतो. ती पोटात गेल्यास काही तासांत तीव्र वेदना सुरू होतात. उणे २० अंश सेल्सिअस तापमानात २४ तास गोठविल्यास ती मरते, असे जपानचे आरोग्य मंत्रालय सांगते. शिरका, मीठ किंवा वासाबी यांनी ती मरत नाही. मोठ्या साखळ्यांतील बराचसा मासा गोठवूनच आलेला असतो आणि या बाबतीत तो गुणच ठरतो. यूट्यूबवर पाहून बाजारातील बांगडा किंवा सुरमई घरी कच्ची वाढण्याचा मोह मात्र आपल्याकडील हौशी मंडळींनी टाळावा. आपल्या बाजारातला मासा शिजवून खाण्यासाठी हाताळलेला असतो आणि घरगुती शीतकपाटातील बर्फाचा कप्पा ते तापमान गाठेलच असे नाही. घरी करायचीच तर शिजवलेली कोळंबी, काकडी किंवा अंडे वापरावे.

गर्भवती महिलांनी ब्ल्यूफिन व बिगआय ट्यूना पाऱ्याच्या अंशामुळे आठवड्यातून एकदा, तोही सुमारे ८० ग्रॅमपर्यंतच खावा, असा जपानी आरोग्य मंत्रालयाचा सल्ला आहे. मधुमेहींनी सुशीच्या भातात साखर असते हे विसरू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी सोया सॉस जपून घ्यावा. त्याच्या एका लहान चमच्यात जवळपास एक ग्रॅम मीठ असते.

स्वस्ताईची कसोटी

गेल्या काही वर्षांत या व्यवसायाची परीक्षा तीन बाजूंनी झाली. पहिली महागाईची. घसरलेला येन आणि इंधनाचे व माशांचे चढे भाव यांमुळे १ ऑक्टोबर २०२२ पासून 'सुशिरो'ने आपला किमान दर करासह ११० वरून १२० येन, तर 'कुरा सुशी'ने ११५ येन केला. वाढ फार तर दहा येनांची होती, असे कुणी म्हणेल. परंतु अनेक वर्षे जपलेला 'शंभर येनांची बशी' हा शब्द त्या दिवशी मोडला. त्यापाठोपाठ २०२४ च्या उन्हाळ्यापासून तांदूळ कडाडला. २०२५ मध्ये पाच किलोच्या पिशवीचा सरासरी भाव चार हजार येनांवर गेला, म्हणजे वर्षभरात सुमारे दुप्पट झाला आणि सरकारला राखीव साठा बाजारात आणावा लागला. भातावर उभ्या असलेल्या व्यवसायाला याची झळ बसणे अटळ होते.

दुसरी परीक्षा विश्वासाची. जानेवारी २०२३ मध्ये गिफू येथील 'सुशिरो'च्या एका शाखेत एका किशोरवयीन मुलाने सोया सॉसच्या बाटलीचे तोंड चाटून पट्ट्यावरील सुशीला थुंकी लावल्याची चित्रफीत देशभर पसरली. कंपनीच्या समभागाचा भाव गडगडला, नुकसानभरपाईचा दावा गुदरला गेला आणि त्याच वर्षी तो समेटाने मिटला. त्यानंतर सामायिक बाटल्या व कप अनेक ठिकाणी टेबलावरून हलविण्यात आले. कित्येक दुकानांत आता पट्टा फिरतो तो केवळ मागविलेली बशी पोहोचविण्यासाठी. 'सुशिरो'ने काही शाखांत मोठ्या पडद्यावर चित्ररूपात फिरणारी सुशी आणली, तर 'कुरा सुशी'ने झाकणबंद बशा आणि कॅमेऱ्यांच्या आधारे खरा पट्टा राखला. अनोळखी माणसांसमोरून उघडे अन्न निर्धास्तपणे फिरू देणे हा परस्परविश्वासाचा केवढा मोठा व्यवहार होता, हे तो तुटल्यावर ध्यानात आले.

तिसरी परीक्षा समुद्राची. जपानी वाम मासा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत २०१४ पासून संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. पॅसिफिक ब्ल्यूफिन ट्यूनाचा साठा एके काळी चिंताजनक पातळीपर्यंत घटला होता. पकडीवरील कडक मर्यादांनंतर तो सावरल्याचे २०२४ च्या पाहणीतून दिसले. आवर घातला तर समुद्र परत देतो, हा त्यातील दिलासा.

२०२५ मध्ये ओसाकात पुन्हा जागतिक प्रदर्शन भरले. तेथे 'कुरा सुशी'ने सुमारे १३५ मीटर लांबीचा पट्टा उभारला आणि त्यावर सुमारे ७० देशांचे पदार्थ फिरविले. पंचावन्न वर्षांपूर्वी ओसाका परिसरातील प्रदर्शनात शिराइशी यांचा पट्टा पाहून थक्क झालेली मुले आता आजी-आजोबा झाली होती. सुशी वळणारी यंत्रे आणि चित्ररूप पट्टे यांच्या या काळातही त्या पट्ट्यामागचा मूळ विचार जुना झालेला नाही. कारखान्यातून दमून आलेल्या माणसालाही चांगला मासा खाता यावा, आणि बिलाची धास्ती न बाळगता आणखी एक बशी उचलता यावी, एवढाच तो विचार होता. पुढे बशीचा दर काहीही होवो, ही 'आणखी एक बशी' सामान्य माणसाच्या आवाक्यात राहते की नाही, यावरच या उपाहारगृहांचे भवितव्य ठरेल.